प्रीक्रॅकला घाई करू नका, प्लीज

फ्रॅक्चर टफनेसची टेस्ट, म्हणजे क्रॅक असलेला धातू तुटायला किती विरोध करतो ते मोजणारी टेस्ट, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर शेवटचा तो फाडकन आवाज आणि दोन तुकडे एवढंच येतं. पण टेस्टचं अर्धं नशीब त्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं, प्रीक्रॅक करताना, आणि त्याबद्दल कुणी धड बोलत नाही म्हणून आज लिहितेय.

आमचा नेहमीचा सीटी (कॉम्पॅक्ट टेन्शन) स्पेसिमेन, म्हणजे टेस्टचा नमुना, 25 मिमी जाडीचा, 62.5 बाय 60 चा ठोकळा, पिनांसाठी दोन भोकं आणि मध्ये वायरकटने, म्हणजे ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या बारीक तारेने, मारलेली खाच. आता ही खाच डोळ्यांना कितीही बारीक वाटली तरी वायरच पाव मिमीची असते, म्हणजे धातूच्या हिशोबाने खाचेचं टोक चक्क बोथट. खऱ्या पुलात किंवा प्रेशर व्हेसलमध्ये जी क्रॅक असते तिचं टोक याच्यापेक्षा कितीतरी अणकुचीदार असतं. म्हणून स्पेसिमेन मशीनवर चढवायचा, कमी लोडवर सेकंदाला दहा वेळा ओढायचा-सोडायचा, आणि खाचेच्या टोकातून खरी फटीग क्रॅक (परत परत लोड देऊन वाढणारी) निघून निदान 1.3 मिमी पुढे जाईपर्यंत थांबायचं. हाच प्रीक्रॅक.

सुरुवातीला काहीच होत नाही हो. पॉवर पॅकची घरघर चालू, खाच किती उघडते ते मोजणाऱ्या क्लिप गेजचा ग्राफ सपाट, पॉलिश केलेल्या बाजूवर मायक्रोस्कोप लावून बघितलं तरी फक्त खाच दिसते. मग कधीतरी खाचेच्या टोकाशी केसाहून बारीक काळी रेघ दिसते, सरळही नसते, जरा नागमोडी, मशीन थांबवून मीन (सरासरी) लोडवर धरलं की क्रॅक थोडी उघडी राहते आणि नीट मोजता येते, लोड पूर्ण काढलं की जवळजवळ दिसेनाशी होते. मला हा क्षण दर वेळी आवडतो, खोटं कशाला बोलू.

आणि इथेच मोह होतो. संशोधक पॉल पॅरिस यांनी साठच्या दशकात मांडलं की क्रॅक दर सायकलला, म्हणजे एका ओढ-सोडीत, किती पुढे जाते ते ताणतीव्रतेच्या (क्रॅकच्या टोकाशी ताण किती एकवटतो त्याच्या मापाच्या) रेंजच्या, म्हणजे कमाल-किमान फरकाच्या, घातावर अवलंबून असतं, नेहमीच्या स्टीलला हा घातांक 3 च्या आसपास. म्हणजे रेंज दुप्पट केली की वेग आठ पट. अर्ध्या तासाचं काम चार मिनिटांत. प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आलेली मुलं येतात, मशीनचा स्लॉट संध्याकाळपर्यंतच असतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, लोड थोडं वाढवूया ना." नाही वाढवायचं!

कारण जास्त लोड दिलं की क्रॅकच्या टोकापुढचा धातू कायमचा ताणला जातो, आणि लोड दुप्पट तर हा भाग चौपट मोठा. लोड सोडलं की आजूबाजूचा धातू परत मूळ जागी यायला बघतो आणि या ताणल्या गेलेल्या भागाला चहूबाजूंनी दाबून धरतो. टोकही थोडं बोथट होतं. आता याच स्पेसिमेनवर शेवटची टेस्ट घेतली तर तो दाब आधी मोडून काढावा लागतो, मग क्रॅक सुटते, आणि टफनेस आहे त्याच्यापेक्षा जास्त दिसतो. आकडा कमी आला असता तर एक वेळ चाललं असतं, डिझाइन थोडं जड झालं असतं. इथे उलट होतं, मटेरियल आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं, आणि तो आकडा पुढे कुणाच्या तरी कॅल्क्युलेशनमध्ये जाऊन बसतो. म्हणूनच एएसटीएम ई399 या टेस्टच्या स्टँडर्डमध्ये अट आहे की प्रीक्रॅकच्या शेवटच्या टप्प्यात ताणतीव्रता नंतर मिळणाऱ्या टफनेसच्या आकड्याच्या 60 टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही.

ज्यांना ही नुसती कागदी अट वाटते त्यांना मी कॉमेट विमानाची गोष्ट सांगते. ब्रिटनचं पहिलं जेट प्रवासी विमान. 1954 च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन विमानं हवेतच फुटली, त्यातलं जानेवारीचं एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, जेमतेम 1,290 उड्डाणं झालेली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात एक पूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून केबिनमध्ये पाण्याचा दाब परत परत दिला, तर खरी आणि टाकीतली उड्डाणं मिळून 3,057 ला केबिन फाटली. पण विमान बनवणाऱ्या कंपनीने आधी स्वतः टेस्ट केलेला केबिनचा भाग 16,000 सायकल टिकला होता! फरक कुठून आला? त्या भागावर फटीग टेस्टच्या आधी प्रूफ टेस्ट (मजबुतीची खात्री करणारी टेस्ट) म्हणून नेहमीच्या दाबाच्या दुपटीपर्यंत दाब दिला होता. खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू तेव्हाच ताणला गेला, मागे दाब राहिला, आणि क्रॅक सुरू व्हायलाच उशीर झाला. आकडा मोजण्यात चूक नव्हती, फक्त तो उडणाऱ्या विमानांचा आकडा नव्हता.

आता तुटलेल्या स्पेसिमेनकडे या. दोन्ही अर्धे लगेच स्क्रॅपमध्ये टाकू नका, तोंडं टेबल लॅम्पखाली तिरकी धरून बघा. आधी वायरकटचा खरबरीत मळकट पट्टा, मग प्रीक्रॅकचा गुळगुळीत मऊ दिसणारा पट्टा, आणि त्यापुढे एकदम जाडीभरडी तूट. प्रीक्रॅकची पुढची कड सरळ नसते, मध्यभागी पुढे गेलेली आणि दोन्ही कडांना मागे राहिलेली, म्हणून बाहेरून मायक्रोस्कोपने मोजलेली लांबी कामाची नाही, आत तीन ठिकाणी मोजून सरासरी काढायची. कड एका बाजूला फारच तिरकी असेल तर अलाइनमेंट तपासा, पिना झिजल्यात का बघा, आणि तो निकाल सोडून द्या.

आणि रिपोर्टमध्ये टफनेसच्या आकड्याशेजारीच प्रीक्रॅकच्या शेवटच्या टप्प्याचं जास्तीत जास्त लोड, त्या टप्प्यातल्या सायकल आणि या तुटलेल्या तोंडाचा फोटो टाका. मागच्या पानावरच्या अपेंडिक्समध्ये नको, तिथे कुणी बघत नाही.