कोण जिंकणार?

मंगळवार, रात्र

आज पुन्हा तेच. पडद्यावर युक्रेनचा नकाशा, पूर्वेकडे लाल पट्टा, त्यावर दोन-चार जाड बाण. एक निवृत्त अधिकारी छातीठोकपणे सांगत होते की येत्या काही आठवड्यांत चित्र स्पष्ट होईल. हे ‘येते काही आठवडे’ 2022 पासून येतच आहेत. कुडमुड्या जोशी निदान हात तरी बघतो.

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं, तेव्हा मॉस्को आणि वॉशिंग्टन यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, युक्रेनची राजधानी कीव्ह काही दिवसांत पडणार. कागदावरचा हिशेब चोख होता. रणगाडे मोजा, विमानं मोजा, माणसं मोजा, पारडं रशियाचंच जड. पहिल्याच दिवशी कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर हेलिकॉप्टरमधून रशियन सैनिक उतरले. धावपट्टी ताब्यात आली की मागून मोठी विमानं भरभरून फौज आणणार, असा बेत. युक्रेनने त्यांना तिथेच झुंजवत ठेवलं, धावपट्टीवर तोफा डागल्या, आणि ती विमानं आलीच नाहीत. मग उत्तरेकडून निघालेला सुमारे 64 किलोमीटर लांबीचा ताफा. उपग्रहाच्या छायाचित्रात केवढा दरारा होता त्याचा! प्रत्यक्षात तो इंधनाअभावी आणि चिखलामुळे रस्त्यातच खोळंबला होता. मार्चअखेर रशियाने कीव्हभोवतून काढता पाय घेतला.

चूक होणं समजू शकते मी. पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. त्याच सप्टेंबरात युक्रेनने खार्किव्ह भागात बलाक्लिया, कुप्यान्स्क, इझ्यूम भराभर परत घेतलं, 11 नोव्हेंबरला सैनिक खेर्सोनमध्ये शिरले, आणि भाकितांनी कोलांटउडी मारली. आता पुढच्या उन्हाळ्यात युक्रेन थेट अझोव्हच्या समुद्रापर्यंत जाणार, रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियाची जमिनीवरची वाट तुटणार! जून 2023 मध्ये ओरिखिव्हच्या दक्षिणेला ते प्रतिआक्रमण सुरू झालं आणि सुरुंगांच्या पट्ट्यात रुतलं. रोबोतिने नावाचं एक छोटंसं खेडं घ्यायला ऑगस्टअखेर उजाडली. समुद्र लांबच राहिला. मग पुन्हा कोलांटउडी. फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वेकडचं अव्दिइव्का शहर रशियाच्या हाती पडलं, तेव्हा युक्रेनची फळी कोसळायला आलीच आहे, असं बोललं जाऊ लागलं. आणि ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनचेच सैनिक सीमा ओलांडून रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसले.

म्हणजे दरवेळी मागच्या तीन महिन्यांची रेघ पट्टी लावून पुढे ओढायची आणि तिला अंदाज म्हणायचं.

गुरुवार

भाचीचा फोन. ती संख्याशास्त्र शिकते आहे, त्यामुळे हल्ली बोलणं सरळ होत नाही.

“आत्या, तू एवढं वाचतेस, मग सांग ना, कोण जिंकणार?”

मी म्हणाले, असं सांगता येत नाही.

“ही पळवाट झाली. टक्के सांग. आणि तारीख घाल.”

मग तिने ब्रायर गुणांकाचा हिशेब सांगितला. ग्लेन ब्रायर हा अमेरिकन हवामानतज्ज्ञ. पावसाचे अंदाज पारखायला त्याने 1950 मध्ये ही रीत मांडली. गोष्ट घडली तर 1, नाही घडली तर 0. तुमचा अंदाज त्यापासून जितका दूर, त्याचा वर्ग करायचा. मी 70 टक्के म्हटलं आणि ते घडलं, तर माझ्या नावावर 0.09. नाही घडलं, तर 0.49. गुण जितके कमी तितकं बरं. काहीच न वाचता दरवेळी ‘पन्नास टक्के’ म्हणणाऱ्या माणसाला कायम 0.25 मिळतात. आणि कीव्ह आठवड्यात पडणार, 95 टक्के, असं जो म्हणाला असेल त्याच्या पदरी 0.9025. फोनवर बोलता बोलता मी हे आकडे लिहून घेतले. खात्रीने बोलण्याची किंमत इतकी उघडपणे मांडलेली याआधी पाहिली नव्हती.

फिलिप टेटलॉक या अभ्यासकाने हेच राजकारणाला लावून पाहिलं. 284 तज्ज्ञांचे 80 हजारांहून जास्त अंदाज वर्षानुवर्षं जमवले. तज्ज्ञ फारसे चमकले नाहीत, आणि प्रसिद्धीत असणारे तर त्यातही मागे. टीव्हीवरच्या त्या साहेबांनी टक्के का सांगितले नाहीत, हे कळायला मला तेवढं पुरलं. ‘चित्र स्पष्ट होईल’ याला कुणी गुणच देऊ शकत नाही.

भाचीला म्हटलं, तुझ्या पावसाला आपला अंदाज ऐकू येत नाही. युद्धात दोन्हीकडची माणसं अंदाज ऐकतात आणि त्याप्रमाणे वागतात. 2023 चं आक्रमण साधारण कुठून येणार हे जगजाहीर होतं, म्हणून तर तिथे सुरुंग पेरून ठेवले होते.

“मान्य,” ती म्हणाली, “पण टक्के?”

शनिवार, दुपार

तिच्या आग्रहापायी बसले खरी. आधी नकाशा बाजूला ठेवला.

शेजाऱ्यांची युद्धं दोन तऱ्हांनी जातात, असं मला दिसतं. काही झटक्यात आटोपतात. 1971 चं भारत-पाकिस्तान युद्ध 13 दिवसांत संपलं. तो पहिला झटका हुकला की मग वर्षांची मोजणी सुरू होते. सप्टेंबर 1980 मध्ये इराकच्या सद्दाम हुसेनने इराणवर हल्ला केला तो घाव एकच बसेल असं धरून. क्रांतीनंतर इराणचं सैन्य विस्कटलेलं होतं, हिशेब चुकीचा वाटत नव्हता. इराणचं खोर्रमशहर पडलंही. मे 1982 मध्ये इराणने ते परत घेतलं. तिथे थांबता आलं असतं. पण आता इराणला वाटलं की आपण जिंकतो आहोत, आणि त्याच जुलैत त्यांचं सैन्य इराकमध्ये शिरलं. आणखी सहा वर्षं. ऑगस्ट 1988 मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा सीमा जवळपास होती तिथेच होती. सीमेवरच्या शत्त-अल-अरब नदीच्या हक्कासाठी सद्दामने इराणशी झालेला 1975 चा करार फाडला होता. 1990 मध्ये कुवेत गिळल्यावर त्याला पूर्वेकडे शांतता हवी झाली, तेव्हा तोच करार त्याने मुकाट पुन्हा मान्य केला. कोण जिंकलं, सांगा.

तेव्हा सैन्य किती, हे मी आता दुय्यम मानते. आणखी किती सोसायची तयारी आहे, आणि ती कुठून विकत आणली जाते आहे, तिकडे बघते. उदाहरणार्थ रशियातली भरतीची रक्कम. सप्टेंबर 2022 मध्ये पुतिन यांनी 3 लाख राखीव सैनिकांना सक्तीने बोलावलं, तर जॉर्जियाच्या सीमेवर मोटारींच्या रांगा लागल्या. त्यानंतर त्यांनी सक्तीपेक्षा पैशांवर भर दिला. करारावर सही करणाऱ्याला केंद्राकडून एकरकमी 1,95,000 रूबल मिळायचे; 31 जुलै 2024 च्या हुकमाने ते 4,00,000 झाले. मॉस्को शहराने त्याच महिन्यात स्वतःचे 19 लाख रूबल जाहीर केले. एका आकड्यात दोन गोष्टी दिसतात. जुन्या भावात माणसं पुरत नाहीत, आणि सक्तीची पुन्हा हिंमत होत नाही. ही रक्कम चढत राहिली आणि तरी सही करणारे आटले, तर ती माझ्या लेखी कुठल्याही खेड्याच्या पाडावापेक्षा मोठी बातमी.

युक्रेनकडे असा पैसा नाही. तिथे एप्रिल 2024 मध्ये सक्तीच्या भरतीचं वय 27 वरून 25 वर आणलं. त्याखाली जायला सरकार धजावत नव्हतं, कारण त्या वयाची मुलंच मुळात कमी. सोव्हिएत संघ मोडल्यानंतर जन्मदर घसरला, त्याचा हिशेब आता खंदकात चुकता होतो आहे.

पैशाच्या बाजूनेही बरेच जण फसले. निर्बंध लागल्यावर 2022 मध्ये रशियाची अर्थव्यवस्था साडेआठ टक्क्यांनी आक्रसेल, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा त्या एप्रिलमधला अंदाज होता. घट दोन टक्क्यांच्या आसपास राहिली आणि पुढच्या वर्षी चक्क वाढ झाली. पण ऑक्टोबर 2024 मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेला व्याजदर 21 टक्क्यांवर न्यावा लागला. सगळं सुरळीत असलेला देश असं करत नाही.

वॉर्साच्या इव्हान ब्लॉख या बँकवाल्याची आठवण झाली. त्याने 1898 मध्येच लिहून ठेवलं होतं की पुढच्या महायुद्धात सैनिक खंदक खणून बसतील, कोंडी होईल, आणि निकाल भाकरी व तिजोरी देईल. सैन्याच्या माणसांपेक्षा त्याला स्पष्ट दिसलं. एवढं दिसल्यावर तो म्हणाला की म्हणजे असं युद्ध कुणी शहाणा सुरूच करणार नाही. युद्धाचं रूप ओळखलं, शहाण्यांच्या बाबतीत फसला.

तर बारा महिन्यांसाठी, माझ्या जोखमीवर:

दोहोंपैकी कुणाची राजधानी पडेल: 1 टक्का.

नवी सीमा दोन्ही देश कागदावर मान्य करतील असा तह: 5 टक्के. कोरियात 1951 च्या जुलैत बोलणी सुरू झाली आणि सही व्हायला जुलै 1953 उजाडला. तोही तह नव्हे, नुसता युद्धविराम. मधली दोन वर्षं आघाडी फारशी हललीच नाही, माणसं मात्र मरत राहिली. मुख्य अडसर होता युद्धकैद्यांचा.

निदान 30 दिवस टिकणारी शस्त्रसंधी: 25 टक्के.

भाचीला पाठवलं. उत्तर लगेच आलं. “टिकणारी म्हणजे? हजार किलोमीटरच्या आघाडीवर एक ड्रोन कुठे पडलं तर मोडली धरायची का? आणि मोडली हे ठरवणार कोण, मॉस्को की कीव्ह?”

तिसऱ्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहे. व्याख्या आधी ठरवू, 25 चं मग बघू.