दुसऱ्याच्या संगणकाशी बोलताना : नेटवर्क प्रोग्रॅमिंगच्या एका सत्राचा अनुभव

पदविका पूर्ण करून मी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात नेटवर्क प्रोग्रॅमिंग हा विषय समोर आला. नेटवर्कचे सात थर आणि राउटिंगची गणिते आधीच पाठ करून झाली होती. आता लिनक्सवर, सी भाषेत, दोन प्रोग्रॅम लिहून त्यांचे आपसांत बोलणे घडवून आणायचे होते. वरच्या वर्षाच्या मुलांच्या फायली होस्टेलवर सहज मिळत, त्यामुळे बऱ्याच जणांची जर्नले महिन्याभरात लिहून तयार झाली. मी मात्र प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः लिहायचे ठरवले होते, कारण पदविकेला असताना सी भाषा मी उसनवारीवर निभावली होती आणि त्याची टोचणी मनात होती.

सॉकेट, म्हणजे जोडणीचे आपल्या बाजूचे टोक, उघडायचे, बाइंडने त्याला पोर्ट क्रमांक, म्हणजे संगणकावरचा नेमका प्रोग्रॅम ओळखायचा आकडा, द्यायचा, लिसन म्हणून कान उघडे ठेवायचे आणि ॲक्सेप्टवर थांबून राहायचे, हा क्रम १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडीमधून आला आणि तो आजही जवळपास तसाच शिकवला जातो. पहिला प्रयोग, म्हणजे पाठवलेली ओळ जशीच्या तशी परत करणारा सर्व्हर (जोडणीची वाट पाहणारा प्रोग्रॅम), माझ्या संगणकावर पहिल्याच दिवशी चालला. आठवड्याने माझ्याच बॅचमधल्या मैत्रिणीने तिचा क्लायंट, म्हणजे जोडणी मागणारा प्रोग्रॅम, माझ्या सर्व्हरला जोडून पाहिला, तेव्हा तिच्या पडद्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ एवढेच उमटले. आम्ही केबल बदलली, फायरवॉल बंद केली, तरी उत्तर तेच येत राहिले. शेवटी कोणता प्रोग्रॅम कोणत्या पोर्टवर ऐकतो आहे हे दाखवणारी ‘एसएस’ ही आज्ञा मी दिली. मी ८०८० लिहिले होते आणि तिथे ३६८९५ दिसत होते.

हा आकडा कुठून आला हे वहीत मांडून पाहिल्यावर उलगडा झाला. ८०८० सोळाच्या पायात लिहिले की १एफ९० होते, आणि त्यातले दोन बाइट उलटे केले की ९०१एफ, म्हणजेच ३६८९५. आमच्या संगणकांतला प्रोसेसर लहान (कमी किमतीच्या स्थानाचा) बाइट आधी ठेवतो आणि नेटवर्कवर मोठा (जास्त किमतीच्या स्थानाचा) बाइट आधी जातो. ही अदलाबदल करणारे एचटीओएनएस हे फंक्शन मी लिहायचे विसरले होते. मुख्य म्हणजे ते मी माझ्या क्लायंटमध्येही विसरले होते, म्हणून दोन्हींतली चूक एकमेकींना जुळत होती आणि आठवडाभर सगळे सुरळीत भासत होते. प्रॅक्टिकलच्या यादीत दोन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम एकमेकांना जोडून पाहण्याची अट कुठेही नव्हती. ती असायला हवी होती, असे माझे ठाम मत त्या दिवशी झाले आणि ते अजूनही आहे.

पुढचे काही प्रयोग फारसा त्रास न देता झाले. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असा संदेश येई आणि वर्गातली मुले पोर्ट ८०८१, ८०८२ असा वाढवत नेत. जी बाजू जोडणी आधी बंद करते तिला लिनक्सवर साठ सेकंद टाइम-वेट नावाच्या प्रतीक्षेच्या अवस्थेत राहावे लागते आणि तोच पोर्ट लगेच पुन्हा वापरू देणारा रियूज-ॲड्रेसचा पर्याय आहे, हे कळल्यावर तो प्रश्न मिटला.

खरी कसोटी मिनी-प्रोजेक्टमध्ये लागली. मी फाइल पाठवणारा प्रोग्रॅम निवडला होता. स्नेहसंमेलनाचा साधारण ३० केबीचा एक फोटो १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे माझ्याच संगणकावरून माझ्याच संगणकावर, अनेकदा पूर्ण गेला. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर पाठवला तेव्हा मात्र कधी फोटो उघडेचना, तर कधी रंगमंचाच्या पडद्याची वरची पट्टी दिसे आणि खाली सगळे करडे. रिसीव्हने परत केलेला आकडा, म्हणजे एका वेळी हाती आलेले बाइट, मी छापून पाहिला, तर तो कधी १४४८, कधी २८९६ असा येत होता.

प्रयोगशाळा घेणाऱ्या मॅडमनी वायरशार्क हे नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे साधन उघडून दिले आणि माझ्या शेजारी बसून हिशेब करायला लावला. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट. त्यांतले २० आयपीचे (पाकिटावरचा पत्ता सांभाळणारा नियमसंच), २० टीसीपीचे (बाइट क्रमाने पोहोचवणारा नियमसंच) आणि १२ वेळेच्या नोंदीचे वजा केले की १४४८ उरतात. लूपबॅकवर, म्हणजे १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर, हीच मर्यादा ६५,५३६ असल्यामुळे माझा फोटो तिथे एका दमात येत होता. “अगं, नळाला बादल्यांचा हिशेब माहीत नसतो,” मॅडम म्हणाल्या, “पाणी येत राहते, बादल्या आपण मोजायच्या.” एका सेंडला समोर एकच रिसीव्ह, असे नाते टीसीपीमध्ये नसतेच. यूडीपी या दुसऱ्या नियमसंचामध्ये एक संदेश आला तर एकसंध येतो, नाहीतर येतच नाही; टीसीपी बाइट क्रमाने आणि खात्रीने पोहोचवते, पण संदेश कुठे संपला हे सांगत नाही. व्याख्यानात टीसीपीला ‘बाइट स्ट्रीम’ म्हणतात हे मी लिहून घेतले होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. त्याचा अर्थ मात्र त्या करड्या फोटोसमोर बसल्यावर समजला.

मग मी प्रोग्रॅम नव्याने लिहिला. आधी चार बाइटांत फाइलची लांबी पाठवायची, तीही नेटवर्कच्या बाइटक्रमात, आणि तेवढे बाइट हाती येईपर्यंत घेणाऱ्या बाजूने रिसीव्ह पुन्हा पुन्हा करत राहायचे. ते चार बाइटसुद्धा तुकड्यांत येऊ शकतात, म्हणून त्यांच्यासाठीही तेच आवर्तन. सगळे मिळाल्यावर घेणाऱ्या प्रोग्रॅमने एक बाइट पोच म्हणून परत पाठवायचा, ही सूचना मॅडमची होती आणि ती अनावश्यक आहे असे मला तेव्हा वाटले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी जर्नल चाळून बाजूला ठेवले आणि विचारले, “सेंडने ४००० परत दिले, म्हणजे समोरच्याला ४००० बाइट मिळाले का?” मी नाही म्हणाले, ते बाइट आपल्याच कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, गेले, एवढेच त्यातून कळते. त्यांनी ते करून दाखवायला सांगितले. मी ७०० एमबीची एक फाइल लावली आणि ती अर्ध्यावर असताना त्यांनी घेणाऱ्या संगणकाची केबल काढली. माझ्या पडद्यावरचा आकडा तरीही थोडा पुढे सरकला, मग बफर भरल्यावर जागीच थांबला. एकही त्रुटी आली नाही. केबल परत लावल्यावर काही सेकंद काहीच घडले नाही, कारण टीसीपी प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर पुढच्या प्रयत्नाआधी जास्त वेळ थांबते. मग आकडा पुन्हा चालू लागला. फाइल संपली, पोचेचा बाइट आला आणि दोन्ही संगणकांवर काढलेली एमडी५ बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, अक्षरशः जुळली. परीक्षकांनी जर्नल पुन्हा ओढून घेतले आणि सही केली.