वाचनालयाच्या फळ्यावरची चार ओळींची उत्तरे

पोस्टातली नोकरी संपवून मी गावी परतलो, त्याच वर्षीच्या जून महिन्यात आमच्या वाचनालयाच्या दारातील फळा माझ्याकडे सोपवण्यात आला. त्यावर तोपर्यंत सुविचार लिहिले जात. त्याऐवजी रोज एक साधा प्रश्न आणि त्याचे सोपे उत्तर लिहावे, असे कार्यकारिणीने ठरवले होते. पोस्टाच्या खिडकीमागे बसून तीस वर्षे लोकांच्या शंकांना उत्तरे दिल्यामुळे मला हे काम किरकोळ वाटले. बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि पेन्सिल दोऱ्याने टेबलाला बांधली, कारण सुटी पेन्सिल सार्वजनिक ठिकाणी किती दिवस टिकते, हे मला नोकरीतच कळले होते. उत्तर चार ओळींपेक्षा मोठे असू नये, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला.

पहिली चिठ्ठी माठाची निघाली: ‘माठातील पाणी गार का होते?’ मी फळ्यावर ‘बाष्पीभवनामुळे’ असे लिहून खडू खाली ठेवला. संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेल्या एका मुलाने ते वाचले आणि विचारले, “आजोबा, बाष्पीभवन झाले म्हणून पाणी गार का व्हावे?” मला उत्तर ठाऊक होते, पण मी ते लिहिलेले नव्हते, त्याच्या जागी केवळ एक नाव लिहून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी मजकूर बदलला. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते आणि ती उष्णता बरीचशी माठातील पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून आतले पाणी गार होते. यावर एका बाईंची चिठ्ठी आली की, मग आमच्या माठातील पाणी पावसाळ्यात गार का होत नाही? माझी बनियन पडवीतल्या दोरीवर तिसऱ्या दिवशीही दमट लागत होती, त्यामुळे हे उत्तर शोधायला पुस्तक उघडावे लागले नाही. हवेत आधीच भरपूर ओलावा असला की पाणी सुकण्याचा वेग मंदावतो, कपडे वाळत नाहीत आणि माठही गार होत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोली थंड करतो आणि तोच कूलर कोकणात आणला तर नुसती चिकचिक वाढवतो, त्याचेही कारण हेच. पाचवी ओळ झाली, परंतु ती पुसवली नाही.

पाठांतराच्या प्रश्नांत मात्र माझी खरी फजिती झाली. घरात भाच्याच्या परीक्षेच्या वेळचे एक जुने गाइड होते आणि मी निर्धास्तपणे त्यातून उत्तरे उतरवत होतो. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, असे मी लिहिले. सातवीतील एका मुलीने फळ्यासमोर उभे राहून, आवाज अजिबात न चढवता, तिच्या बाईंनी वर्गात हे चूक असल्याचे सांगितले आहे, असे मला ऐकवले. शोध घेतल्यावर ती बरोबर निघाली. भारत सरकारने कोणत्याही खेळाला अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ घोषित केलेले नाही. त्याच गाइडमध्ये महाराष्ट्राचे जिल्हे ३५ दिले होते. ते पुस्तक छापले गेले तेव्हा ही संख्या बरोबर होती, पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा तर ते २६ होते. तेव्हापासून अशा उत्तरांत मी वर्ष घालू लागलो. गाइड रद्दीत दिले नाही. कोणत्या उत्तरांची मुदत संपली आहे, हे पाहायला ते उपयोगी पडते.

स्वयंपाकघरातील प्रश्नांना सर्वांत जास्त वाचक मिळाले. शिट्टी झाल्यावरही गॅस मोठा ठेवला तर डाळ लवकर शिजते का, या प्रश्नावर आमच्याच घरात दोन तट होते. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांना उकळते आणि त्यापुढे तापत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि तेच पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत पोहोचते. एकदा तो दाब गाठला की जास्तीची आच आतले तापमान वाढवत नाही, ती शिट्टीवाटे बाहेर जाते. हे उत्तर लागले त्या दिवशी सौभाग्यवती वाचनालयात येऊन ते दोनदा वाचून गेल्या, कारण गॅस बारीक करण्याचा आग्रह त्यांचा होता.

नाताळच्या सुट्टीत आलेल्या चिठ्ठीत विचारले होते की, दुपारी बरोबर बारा वाजता सावली सर्वांत लहान का नसते? या वेळी लिहिण्याआधी करून पाहायचे ठरवले. अंगणात सरळ काठी रोवली आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडे ठेवत गेलो. सावली सर्वांत आखूड झाली ती साडेबारा उलटून गेल्यावर. आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेले आहे. आम्ही तिच्या नऊ अंशांहून अधिक पश्चिमेला आहोत आणि दर अंशामागे सूर्य चार मिनिटे उशिरा येतो. मुंबईपुरता हा फरक ३९ मिनिटांचा आहे, आणि तितकीच मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ त्या शहरात काही ठिकाणी १९५५ पर्यंत पाळली जात होती. चार ओळींत हे बसवताना मला तीन संध्याकाळी लागल्या.

या यशाच्या भरात मी भरती-ओहोटीचा प्रश्न घेतला. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि पाऊण तासाचा हा हिशेब त्याच्या जवळपास येतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे उधाण येते, हेही मी जोडले. हिशेब नेटका होता आणि त्यावर मी मनातल्या मनात खूश होतो.

मासे विकून परतणारे एक वयस्क गृहस्थ रिकामी पाटी काखेत धरून फळ्यापाशी थांबले. त्यांनी सगळे वाचले आणि म्हणाले, “मास्तर, हिशेब बरोबर हाय. पन ही येळ दर्यावरची. आपल्या धक्क्याला पानी चढायला अजून टाइम लागतो.” आमचे गाव खाडीच्या काठी, समुद्रापासून बरेच आत आहे, आणि लहानपणापासून मी त्याच धक्क्यावर बसत आलो आहे. मी त्यांच्याकडून किती उशीर होतो ते विचारून घेतले, वरची एक ओळ पुसली आणि तिथे लिहिले: ‘ही वेळ समुद्रकिनाऱ्यावरची आहे, खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा येते, आणि आपल्या धक्क्याची वेळ धक्क्यावरच विचारावी.’