मी ‘ई’ म्हणालो होतो

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका वॉल्व बनवणाऱ्या कंपनीत मी आयटी बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर बसला तरी मीच. त्यातलं एकच काम मी स्वतःहून मनापासून करतो ते म्हणजे रात्रीचा टेप बॅकअप, सर्व्हरवरच्या फाइलींची फितीवर प्रत, आणि हे प्रकरण त्याचंच आहे. तीन महिने झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

टेपा आहेत पाच. एलटीओ-5 प्रकारच्या, एकेकीत दीड टीबी (दीड हजार जीबी) मावतं, आत साडेआठशे मीटरच्या आसपास फीत. सहावी मागितली की शेठ म्हणतात पाच छे ने, बस छे. आता रोज फुल बॅकअप घ्यायचा आणि टेपा पाचच, तर सरळ रोज पुढची टेप लावली तर पाच दिवसांपूर्वीचं काहीच हातात राहत नाही. म्हणून मी हॅनोईचा मनोरा लावला. हे माझं डोकं नाही, बॅकअपच्या धंद्यात जुनी पद्धत आहे, पण आमच्याकडे आणली मी. त्या कोड्यात तीन खुंट्या असतात, लहानमोठ्या तबकड्या असतात, त्या एका वेळी एक अशा सगळ्या दुसऱ्या खुंटीवर न्यायच्या, मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. सोडवायला बसलं की सगळ्यात लहान तबकडी एकाआड एक खेळीत हलते, दुसरी दर चौथ्या खेळीत, तिसरी दर आठव्या, आणि सगळ्यात मोठी अख्ख्या खेळात एकदाच. तबकडीच्या जागी टेप धरा. ए एकाआड एक रात्री, बी दर चौथ्या, सी दर आठव्या, आणि डी आणि ई दर सोळाव्या रात्री, डी आठव्याला तर ई सोळाव्याला. पाच टेपांत कमीत कमी 8 रात्री मागे जाता येतं, नशीब असेल तर 16. तक्ता करून कपाटाच्या दारावर चिकटवलाय, वर लिहिलंय ‘ब्रह्मदेवाचा मनोरा’. शेठना ‘ॲल्गोरिदम’ सांगितलं असतं तर झोप आली असती, ब्रह्माजी म्हटल्यावर लगेच मान्य.

ब्रह्मदेव त्यात आला तो फ्रान्समधून, हे फार जणांना माहीत नसतं. एदुआर लुका नावाच्या गणितज्ञाने 1883 मध्ये हे खेळणं विकायला काढलं, तेही ‘सयामचा एन. क्लॉस’ अशा खोट्या नावाने, जे फ्रेंचमध्ये लिहिलं की ‘आमियांचा लुका’ (आमियां हे त्याचं गाव) याच अक्षरांची उलटापालट आहे. सोबत गोष्ट अशी की काशीच्या एका देवळात हिऱ्याच्या तीन सुया, त्यावर सोन्याच्या 64 तबकड्या, ब्रह्मदेवाने सृष्टी केली तेव्हा लावलेल्या, पुजारी रात्रंदिवस हलवतायत आणि शेवटची तबकडी बसली की जग खलास. सेकंदाला एक खेळी धरली तर लागतात 58,500 कोटी वर्षं.

आमचे बाबा दांडियाबाजारातल्या जुन्या घरात रोज पूजेला बसताना संकल्प सोडतात, ‘ब्रह्मणो द्वितीये परार्धे श्रीश्वेतवाराहकल्पे’ वगैरे. मी त्यांना चिडवतो की हा तुमचा टाइमस्टॅम्प. त्यांना ही काशीची गोष्ट सांगितली तर त्यांनी जेवता जेवता हिशोब केला. ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, संध्याकाळ झाली की प्रलय. मग 58,500 कोटी म्हणजे 135 दिवस, तेही रात्री न मोजता. तोवर तुझे पुजारी राहतील कुठे? मी मग एक्सेलमध्ये बघितलं, 56 तबकड्या 228 कोटी वर्षांत आरामात होतात पण 57 ना 456 कोटी लागतात, म्हणजे 24 कोटींनी संध्याकाळ हुकते. बाबा म्हणाले त्या फ्रेंच माणसाने आधी एखाद्या गुरुजींना विचारायचं ना. वर म्हणाले, आणि एखादा पुजारी मधेच चुकला तर? जग तेवढंच जास्त टिकेल की! तेव्हा मी नुसता हसलो होतो.

तर झालं असं. फेरीच्या सोळाव्या रात्री मी ग्वाल्हेरला मावसभावाच्या लग्नात. टेप बदलायला आमचा ज्युनियर, गुजराती मुलगा, नवीनच. त्याचा फोन आला, आज कुठली, तक्त्यावर पाणी सांडलंय, दिसत नाही. मागे बँड दणदण. मी ओरडून म्हणालो ई लाव. त्याने डी लावली. परत आल्यावर लॉगमध्ये बघितलं आणि डोकं फिरलं, सर्व्हर रूमच्या दारातच त्याला चार माणसांत झापलं, दोन अक्षरं धड ऐकू येत नाहीत का म्हणून. तो एवढंच म्हणाला, ‘सर, तमे डी ज कह्युं हतुं.’ म्हणजे तुम्ही डीच म्हणाला होतात.

मग एकोणिसाव्या रात्रीनंतरच्या सकाळी एका जुन्या गिऱ्हाइकाची रिपीट ऑर्डर आली आणि वर्कशॉपवाल्याने ड्रॉइंग उघडलं तर आत काही नाही. फाइलचं नाव आहे, साइज शून्य केबी. दुसरी, तिसरी, सगळ्या शून्य. ड्रॉइंग ऑफिसने सातव्या दिवशी जुन्या फाइली नव्या फॉरमॅटमध्ये बदलायला लावल्या होत्या, मधेच डिस्क भरली, आणि त्या टूलने गपचूप 2,300 ड्रॉइंगांच्या जागी रिकामे डबे ठेवले. मला कळवायचं कुणाला सुचलं नाही, त्यांना आयटी म्हणजे पासवर्ड विसरल्यावर आठवतं. आणि बॅकअप सॉफ्टवेअर रोज हिरवं, सक्सेस. शून्य केबीची कॉपी शून्य केबीच येणार, त्याचं काय जातं.

मी टेपा टेबलावर मांडल्या. ए, बी, सी, तिन्ही सातव्या दिवसानंतरच्या, बाद. डी सोळावी रात्र, बाद. राहिली ई. तिच्यावर मागच्या फेरीचा, 19 रात्रींपूर्वीचा बॅकअप, कारण सोळाव्या रात्री ती लागलीच नव्हती. पहिलं काय केलं तर तिची लॉकची खिट्टी सरकवली, चुकूनसुद्धा वर काही लिहिलं जायला नको. ड्राइव्हमध्ये टेप गेली, कुरकुरली, थांबली, परत मागे, परत पुढे, त्या आवाजात माझा चहा पार थंड झाला. मग यादी आली आणि साइजच्या रकान्यात आकडे होते. जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळी ड्रॉइंग परत.

आता हिशोब बघा. माझ्या तक्त्याप्रमाणे झालं असतं तर डी आठव्या रात्रीची, ई सोळाव्या रात्रीची, दोन्हीत रिकामे डबे. थोडक्यात हुकलं असतं. म्हणजे नियम पाळला असता तर 2,300 ड्रॉइंग गेली होती.

शेठनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून पेढे दिले, जो, आनुं ब्रह्माजीवाळुं सिस्टम! मी तोंड उघडलं नाही. तो मुलगा माझ्याकडे बघत होता आणि त्यानेही नाही उघडलं. संध्याकाळी त्याला सेव उसळ खायला घेऊन गेलो, पैसे मी दिले, माफी मात्र तर्रीबरोबर गिळली. तिथे त्याने विचारलं, सर, आज कुठली टेप? तक्त्याप्रमाणे सी होती. सी लावली.

ई अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, खिट्टी लॉक केलेली. परत फिरवायला हात होत नाही. त्यामुळे सध्या चारच टेपांवर चाललंय, जास्तीत जास्त 8 रात्री, वाईट दिवस असेल तर चारच. नवीन टेपची रिक्वेस्ट तिसऱ्यांदा टाकली तर शेठ म्हणाले, सिस्टम तो मस्त चाले छे.