तुम्ही विचारलंत म्हणून: मी आधी ‘कोणासाठी?’ का विचारत नाही

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडांनी येतो, पण असतो एकच. ओळखीतल्या सोळा-सतरा-अठरा वर्षांच्या मुली माझ्याकडे गोळ्या, कंडोम, कॉपर टी असलं काही विचारायला येतात आणि मी ‘कोणासाठी विचारतेयस, घरी माहितीये का’ असं काही न करता सरळ उत्तर देते. मग त्यांच्या आया विचारतात, ड्युटीवरच्या सिस्टर विचारतात, माझी सख्खी बहीण विचारते, की असं सगळं सांगून टाकणं म्हणजे परवानगी दिल्यासारखंच झालं ना? आधी मी विषय बदलायचे, मग काही वर्षं भांडले, आता दोन्हीचा थकवा आलाय म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मी सोळा वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी प्रसूतीच्या वॉर्डात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते माहिती नव्हती म्हणून झालं नाही. माहिती होती. तोंडपाठ होती.

माझी भाची तेव्हा 17 वर्षांची. शनिवारी रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, ‘मावशी जागी आहेस? ती इमर्जन्सीची गोळी किती तासांत घ्यायची असते? मैत्रिणीला हवंय.’ याचं उत्तर टाइप करायला अर्धा मिनिट लागलं असतं. संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत, पण 72 तास आहेत म्हणून थांबू नका, जितकी लवकर घ्याल तितकी चांगली, घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यायची, युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी असते ती 120 तासांपर्यंत चालते, आणि पाच दिवसांच्या आत डॉक्टरकडून कॉपर टी बसवून घेतली तर ती या सगळ्यांपेक्षा खात्रीची. बस, एवढंच. आणि मी काय लिहिलं, तर ‘कुठली मैत्रीण?’

ती टाइप करतेय असं दिसलं, मग थांबलं, परत दिसलं, परत थांबलं. शेवटी आलं, ‘सोड गं, काही नाही. झोप तू.’

आणि मी झोपले. रविवारी सकाळी फोन केला, पण उत्तर द्यायला नाही. वय काय, अभ्यास काय, आईबापाचा विश्वास काय, चांगलं वीस-पंचवीस मिनिटं बोलले आणि ती दर दोन वाक्यांनी ‘हो मावशी’ म्हणत राहिली. फोन ठेवताना मला वाटलं, चला, वेळेवर बोललो आपण.

वेळेवर म्हणजे काय ते मलाच माहीत असायला हवं होतं. ही गोळी काही राहिलेला गर्भ पाडत नाही, ती स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते, तिचं काम एवढंच. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, तेवढ्यात बीज बाहेर आलं तर गर्भ राहू शकतो, म्हणून बीज बाहेर यायच्या आत गोळी पोटात जायला हवी, एकदा ते आलं की या गोळीचा फारसा उपयोग नाही. म्हणून तास मोजायचे असतात. त्या तासांतली एक अख्खी रात्र माझ्या ‘कुठली मैत्रीण’नं खाल्ली आणि उरलेले तास माझ्या भाषणानं.

चोवीस दिवसांनी ती माझ्याकडे आली, टेस्ट किट दप्तरात घेऊन. मैत्रीण वगैरे कोणी नव्हतं. बाथरूमचं दार तिनं उघडंच ठेवलं होतं, मी उंबऱ्यात उभी होते. पट्टी बेसिनच्या कडेवर ठेवलेली, पहिली रेघ लगेच आली, दुसरी येईना, आणि मग आली ती इतकी फिकी की दिव्याखाली धरून बघावी लागली. तिनं किटमधला कागद उलगडून माझ्यापुढे धरला, हात हलत होता त्यामुळे मला एक ओळ वाचता येईना, आणि म्हणाली, ‘मावशी, पुसट असेल तर नाही धरायची ना?’ मी वॉर्डात शंभरदा सांगितलेलं वाक्य तिला सांगू शकले नाही. पुसट रेघ ही पण रेघच. मी नुसती मान हलवली आणि ती तिथेच फरशीवर बसली, मीही बसले. किती वेळ ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मधेच तिनं विचारलं, ‘तेव्हा मी नाव सांगितलं असतं तर तू सांगितलं असतंस का?’

पुढचं सगळं तिचं आहे, ते इथे येणार नाही. ती आता 23 वर्षांची आहे, हे लिहिलेलं तिनं वाचलंय, दोन वाक्यं काढायला लावली ती मी काढली.

तर परवानगीबद्दल. तुमची भीती मला कळते, खरंच कळते, कारण त्या रविवारी फोनवर बोलत होती ती तुमच्यासारखीच एक घाबरलेली बाई होती. पण माहिती दिल्यानं मुलं लवकर त्या वाटेला लागतात हे खरं नाही. युनेस्कोनं 2018 मध्ये लैंगिक शिक्षणाबद्दलची मार्गदर्शिका काढली, त्यात जगभरचा अभ्यास बघून हेच म्हटलंय की अशा शिक्षणानं मुलांमधलं लैंगिक संबंधांचं प्रमाण वाढत नाही. आणि न सांगितल्यानं काय होतं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत आहे, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 ते 19 वयाच्या मुलींना वर्षाला सुमारे 2 कोटी 10 लाख वेळा दिवस जातात आणि त्यातले जवळजवळ निम्मे नको असताना. या वयात झटके येण्याचा, बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या बाईपेक्षा जास्त असतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय, आकड्याची गरज नाही.

बरं, आमच्याच लोकांच्या चुका पण सांगते. ‘आधी एक मूल होऊ दे, मग कॉपर टी’ हे मी स्वतः कित्येक वर्षं म्हणत आले. चूक होतं ते. नुसतं वय कमी आहे म्हणून कुठलंही साधन नाकारायचं वैद्यकीय कारण नाही हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. उलट या वयाला तेच जास्त जमतं, कारण कागदावरचं साधन आणि रोजच्या जगण्यातलं साधन यात फार फरक असतो. गोळी रोज अगदी नियमानं घेतली तर वर्षभरात 100 पैकी एकीलाही दिवस जाणार नाहीत, पण माणसं विसरतात, जुलाब-उलट्या होतात, पाकीट संपतं, म्हणून प्रत्यक्षात सात जणींना जातात. कंडोमचं तसंच, नीट वापरला तर दोन, प्रत्यक्षात तेरा. ‘तो वेळेवर बाजूला होतो’ यावर विसंबलेल्या 100 मध्ये वीस, आणि काहीच न वापरता 85. दंडात बसवायची बारीक कांडी, कॉपर टी, यात लक्षात ठेवायचं काही नसतंच, म्हणून तिथे आकडा एकाच्याही खाली येतो. तीन महिन्यांचं इंजेक्शन मधलं, तारीख फार लांबली की तेही गेलं. पण रोगांपासून वाचवतो तो कंडोमच, म्हणून मी मुलींना दोन्ही सांगते आणि मुलांनाही सांगते, त्यांना तर कोणी काहीच सांगत नाही. तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो हे एका वीस वर्षांच्या मुलाला मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, बिचारा आतून हादरला होता. आणि इमर्जन्सीची गोळी घेतली म्हणजे महिनाभर काळजी मिटली असं नसतं. बीज फक्त लांबलेलं असतं, नंतर परत काही न वापरता संबंध आला तर ती गोळी राखत नाही. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करायचीच.

आता, काहीच विचारू नये असंही माझं म्हणणं नाही. ‘कोणी जबरदस्ती तर केली नाही ना, तू ठीक आहेस ना’ हे मी आता प्रत्येकीला विचारते. पण आधी उत्तर, मग हे. आणि हा क्रम लावतानाही कधीकधी वाटतं की मी फक्त त्या शनिवारचा मेसेज परत परत दुरुस्त करतेय.

बहिणीचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, तुला मेसेज आला तेव्हाच तू मला सांगायला हवं होतंस, मी आई आहे तिची. सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हणते मी जास्त विचारलं, ती म्हणते मी कमी सांगितलं, आणि दोघींनाही त्या एकाच रात्रीबद्दल राग आहे. तिला सांगितलं असतं तर भाचीनं मला परत कधीच काही विचारलं नसतं, हे माझं उत्तर. यावर ती म्हणते, मग तसंही विचारून काय झालं. इथे माझ्याकडे बोलायला काही उरत नाही.

हे वाचून झाल्यावर भाची म्हणाली, ‘तू लगेच उत्तर दिलं असतंस तरी मी दुकानात जाऊन मागितली असती का माहीत नाही मावशी, मला ते नाव मोठ्यानं उच्चारायचीच भीती वाटत होती.’ मी म्हटलं, मी आणून दिली असती. ती म्हणाली, ‘मैत्रिणीसाठी?’