तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल गेटवर जमा करून घ्यावेत का?

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत पाच-दहा सीएनसी लेथचं (प्रोग्रामवर चालून धातूचे भाग कातणारी मशीन) शॉप चालवणारे मालक हल्ली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. पोरं जेवणाच्या सुट्टीत यूट्यूब बघतात, सीएनसीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीबाही विचारत बसतात. यातून खरंच काम शिकतात, की नुसता वेळ जातो? मोबाईल सरळ गेटवरच ठेवून घ्यावेत का?

गेटवर ठेवून घेऊ नका. मशीनवर जॉब (घडवायचा भाग) चालू असताना हातात मोबाईल नको, एवढा नियम मात्र कडक ठेवा. बाकी पोरं शिकतात, हे नक्की. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि जत, कवठेमहांकाळकडून आयटीआय करून आलेल्या पोराला वस्तादाची मर्जी न सांभाळता शिकायची वाट मिळाली. त्याआधी ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) टाकताना आकडे दिसू नयेत म्हणून स्क्रीन पाठीने झाकून उभे राहणारे सेटर (जॉबसाठी मशीन लावून देणारे कारागीर) प्रत्येक शॉपमध्ये होते. आजही आहेत, पण त्या पाठीला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

काही बाबतीत ग्रुप खरोखर पक्का असतो. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक) एन्कोडरच्या (मशीनची जागा मोजणाऱ्या भागाच्या) बॅटरीचा अलार्म आला, की पोरगा आधी मशीन बंद करायला धावतो. ग्रुपवर दोन मिनिटांत उत्तर येतं: बॅटरी कंट्रोल चालू ठेवूनच बदल, नाहीतर झिरो पोझिशन (मशीन जिथून मोजतं ती मूळ जागा) जाईल. हे एक उत्तर वेळेवर मिळालं तर सर्व्हिस इंजिनिअरची फेरी वाचते. इन्सर्टचंही (टूलच्या टोकाला बसवलेला कापणारा तुकडा) तसंच. कडेचा जवळून काढलेला स्वच्छ फोटो टाकला, की जाणकार माणूस बघूनच सांगतो. कडेला मटेरियल चिकटलंय, स्पीड वाढव. वरच्या बाजूला खड्डा पडलाय, स्पीड कमी कर. रील्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अर्ध्या मिनिटात चिप छान उडताना दिसते, जॉब कसा पकडला ते कधीच दिसत नाही.

गोची होते ती प्रोग्राम उचलण्यात. दुसऱ्याचा प्रोग्राम त्याच्या मशीनवर शंभर टक्के बरोबर असतो आणि तुमच्या मशीनवर घात करतो. चकने (जॉब धरणारा पंजा) पकडायला एका मेकवर एम १०, दुसऱ्यावर एम ६८. हे कोड मशीन बनवणारा ठरवतो, त्यामुळे फॅनक दोन्हीकडे असलं तरी भागत नाही. जी ७१ (जादा मटेरियल थराथराने काढणारी सायकल) जुन्या काही कंट्रोलवर एका ओळीत लिहितात, नव्यावर दोन ओळींत. दोन ओळींच्या पद्धतीत पहिल्या ओळीतला यू म्हणजे कटची खोली, तीही एका बाजूची. तिथे २ लिहिलं तर व्यासावर ४ मिमी निघतात. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगला ठेवलेलं मटेरियल, ते व्यासावर मोजायचं. अक्षर एकच, अर्थ दोन. व्हिडिओत बोट दाखवून भरभर पुढे जाणाऱ्याने हा फरक सांगितलेला नसतो.

सगळ्यात धोक्याची चूक स्पीडच्या मर्यादेची. जी ९६ एस २०० दिलं, की कंट्रोल कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर कायम ठेवतं. ५० मिमी व्यासावर त्याचे सुमारे १,२७३ आरपीएम होतात. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट करणं) करत टूल आत आलं आणि व्यास १० मिमी झाला, की तेच ६,३६६ मागायला लागतं. म्हणून आधी जी ५० एस २००० असं काहीतरी लिहून वरची मर्यादा बांधायची. आपल्याकडच्या बहुतेक लेथवर ए पद्धतीचे जी कोड असतात, तिथे हे काम जी ५० करतं. बी पद्धतीत तेच काम जी ९२ करतं, आणि ए पद्धतीत जी ९२ म्हणजे थ्रेडिंगची (आटे पाडण्याची) सायकल! बाहेरचा प्रोग्राम उचलताना मर्यादेची ओळ अशी अडली, की पोरगा ती पुसून टाकतो आणि प्रोग्राम ‘चालायला’ लागतो. मग स्पिंडल मशीनच्या कमाल स्पीडपर्यंत चढतं, जॉ (चकचे जबडे) बाहेर ओढले जातात, चकची पकड सुटत जाते आणि कोल्हापूरहून आलेलं कास्टिंग दरवाजाच्या काचेवर येतं.

म्हणून उत्तर कुठूनही येवो, पहिला जॉब ठरल्या पद्धतीनेच काढायचा. वर्क शिफ्टमध्ये (सगळा प्रोग्राम एकदम सरकवणारी सेटिंग) झेड, म्हणजे लांबीचा अक्ष, १०० मिमी बाहेर सरकवून प्रोग्राम एकदा हवेत चालवा. शिफ्ट परत जागेवर आणा, रॅपिड (न कापता होणारी धाव) २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू, बोट फीड होल्डवर (टूल जागीच थांबवणारं बटण). प्रत्येक ब्लॉकला स्क्रीनवरचं राहिलेलं अंतर आणि टूल-जॉबमधली खरी जागा जुळते का ते डोळ्याने बघा. पाच-सात मिनिटं जातात, जाऊ द्या.

दुसरी अडचण प्रश्न विचारण्याची. ‘बोअरमध्ये टेपर येतोय, काय करू?’ (आतलं भोक एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद निघतंय) एवढंच टाकलं, की वीस उत्तरं येतात आणि वीसही कुठल्या ना कुठल्या शॉपमध्ये खरी असतात. कोणी टरेटचं (टूल धरणारी फिरती चकती) अलाइनमेंट म्हणतो, कोणी बार (भोकात जाणारी टूलची दांडी), कोणी जॉचं प्रेशर. विचारण्याआधी पोराने दोन गोष्टी करून बघायला हव्यात. ऑफसेट न बदलता तोच फिनिश कट परत मारायचा. पुन्हा चिप निघाली तर बार वाकतोय, तेव्हा तो किती बाहेर आहे ते मोजा. स्टीलचा बार त्याच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका. मग जॉब चकमध्येच असताना बोअर तीन ठिकाणी मोजायचा आणि काढल्यावर परत तिथेच मोजायचा. चकमध्ये गोल आणि बाहेर काढल्यावर तीन बाजूंनी दबलेला लागला तर जॉचं प्रेशर जास्त आहे. दोन्हींत काही सापडलं नाही तरच ग्रुपवर जा. तिथेही मशीनचा मेक, कंट्रोल, मटेरियल, इन्सर्टचा पूर्ण नंबर, स्पीड-फीड-कट आणि शेवटचा जॉब नीट निघाल्यापासून काय बदललं, हे सगळं एकाच मेसेजमध्ये लिहायचं. शेवटच्या मुद्द्यात बरेचदा उत्तरच दडलेलं असतं. लिहिता लिहिताच पोराच्या ध्यानात येतं आणि मेसेज पाठवायची वेळ येत नाही.

मिळालेलं उत्तर टिकत नाही, ही तिसरी अडचण. ग्रुपवर रोज सत्तर गुड मॉर्निंग येतात, त्याखाली कामाचं सगळं गाडलं जातं. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस राहतो. व्हॉइस नोट तर शोधताच येत नाही. जे उत्तर पहिल्या जॉबवर खरं ठरलं, ते त्या जॉबच्या सेटिंग शीटवर तारीख टाकून पेनने लिहा. शीट तेलकट होते म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा आणि मशीनच्या दारालाच अडकवा.

ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर जाऊ देऊ नका. खाली कोपऱ्यात ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर असतो, आणि स्पर्धक त्याच ग्रुपमध्ये बसलेला असतो. अडलेला भाग हाताने कागदावर काढून पाठवावा, तोही डॉक्युमेंट म्हणून. साध्या फोटोची साइज कमी होते, टॉलरन्समधला (मापात चालणारा फरक) ५ आणि ६ ओळखू येत नाही.

आता तुमच्या मनातलं खरं दुखणं. जुना सेटर ग्रुपवर नगरच्या पोराला मेसेजवर मेसेज टाकून समजावतो आणि शेजारच्या मशीनवरच्या पोराला उडवून लावतो. ग्रुपवर त्याला ‘वस्ताद, मानलं’ मिळतं. शॉपमध्ये शिकवलं तर उद्या तोच पोरगा कमी पगारात आपल्या जागेवर, ही भीती असते. ती खोटीही नाही. तेव्हा शिकवण्याचे पैसे वेगळे द्या: एका पोराने एक सेटिंग एकट्याने करून दाखवली, की सेटरच्या पगारात ठरलेली रक्कम. ‘सेटर पाहिजे, शिरवळ, राहण्याची सोय’ हा मेसेजही त्याच ग्रुपवर येतो आणि गेट सुटल्यावर वाचला जातोच. शिरवळचा पगाराचा आकडा काय आहे, तो तुम्हीही एकदा वाचून ठेवा.