तुम्ही विचारलंत म्हणून: वर्कशॉप दोन भाषांत कशाला?

राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये मी फॅमिली वर्कशॉप घेते, म्हणजे मुलं आणि त्यांचे आईबाबा, आजीआजोबा एकत्र बसून मातीकाम करतात, मराठी आणि इंग्लिश दोन्हीत. दर वेळी कोणीतरी विचारतंच, "मुलांना इंग्लिश येतं की, मग परत मराठीत कशाला सांगता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे मी परत सांगत नाही. सुरुवातीला सांगायचे, प्रत्येक वाक्य आधी इंग्लिशमध्ये मग मराठीत, आणि व्हायचं काय तर मराठी सुरू झालं की मुलं चुळबुळायची, इंग्लिश सुरू झालं की आज्या पिशवीतून मोबाईल काढायच्या. आता वाटणी केलीय. गोष्ट मराठीत, हाताने करून दाखवायचं ते न बोलता, आणि गप्पा ज्याला ज्या भाषेत सुचतील त्यात. नातवाला अडलं तर तो आजीला विचारतो, आजीला अडलं तर ती नातवाला, आणि हे विचारणं व्हावं म्हणूनच सगळा खटाटोप.

सुरुवात बाहेरच्या दगडी हत्तीपाशी होते. हा कुठला, विचारलं की मुलं ओरडतात एलिफंटा, मोठी माणसं म्हणतात घारापुरी, आणि मग दोघं एकमेकांकडे बघतात, कारण ही दोन्ही नावं एकाच बेटाची हे बऱ्याच घरांत कधी बोललंच गेलेलं नसतं. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी याच हत्तीवरून ठेवलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले तर क्रेन तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, ते या बागेत आणले आणि १९१४ मध्ये परत जोडले. हे ऐकल्यावर शाडूचे दोन तुकडे कसे जोडायचे ते शिकवायला वेगळं काही बोलावं लागत नाही. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा, दाबायचं.

आत काचेच्या कपाटांत मातीची माणसं आहेत, जुन्या मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीधर्मांची, धंद्यांची, आपापल्या पेहरावात. त्यातली एक पगडी निवडून करायची हे आमचं नेहमीचं काम. एकदा लालबागच्या एक आजी नातवाला पेंग्विन दाखवायला आल्या होत्या, म्युझियमच्या दारात थांबून मला म्हणाल्या, "आम्ही आत आलो तर चालेल ना?" मला फार लागलं ते. १८७२ मध्ये उघडलेलं, १९७५ पासून भाऊ दाजींचं नाव असलेलं, महापालिकेचं म्युझियम, आणि दोन किलोमीटरवर जन्म काढलेली बाई परवानगी मागते.

आत बसल्यावर नातवाची वळी सारखी तुटत होती, एकीकडे जाड, एकीकडे बारीक. आजी थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे बोटांनी नको दाबू, वात वळतो तसं तळव्याने वळ." "वात म्हणजे?" त्यांनी काही समजावलं नाही, त्याचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि पाटावर तळवा पुढेमागे फिरवला, अगदी हलका, मधून पाण्याचं बोट लावत. वीतभर लांब, सगळीकडे सारखी वळी झाली. मग दोन वळ्या घेऊन त्यांना पीळ दिला आणि पगडीच्या घेरावर बसवल्या. नातू शेजारच्या मुलीला सांगत होता, "यू हॅव टू डू पीळ, लाईक धिस." त्याला ट्विस्ट शब्द येत नव्हता असं नाही, पण हाताने जे शिकला ते पीळ या शब्दासकट शिकला.

फक्त इंग्लिशमध्ये घेतलं असतं तर त्या आजी मागच्या खुर्चीवर नातवाची पाण्याची बाटली धरून बसल्या असत्या. खरं सांगते, अशा किती आज्या मी आधी बसवून ठेवल्या असतील याचा विचार आला की अजून वाईट वाटतं.

तर तुम्ही याल तेव्हा घरच्या मोठ्यांना घेऊन या, जुने कपडे घालून या, नखं कापून या, शाडू आत शिरतो. आणि आजीआजोबांना "तुम्ही बसा, मी करतो" असं मुलाला म्हणू देऊ नका.